बंदूक खाली ठेवण्याची वेळ

धार जिल्ह्यातल्या मांडूवर १६१७ साली जहांगीर बादशहाचा कित्येक महिने मुक्काम होता. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो दरबाराच्या मागोमाग तिथे येऊन राहिला होता. नूरजहाँने अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ लोळवले तेही याच वर्षी. जहांगीरला मोजामोजीची हौस दांडगी. त्याच सुमारास त्याने आपल्या आयुष्यभराच्या शिकारीचा हिशेब करवून घेतला आणि तो आत्मचरित्रात नोंदवून ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरं आणि पाखरं पडली. त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारली. वाघ-सिंह ८६, नीलगायी ८८९, लांडगे ६४, रानडुकरं ९० अशी यादी वाचत गेलं की दबदबा वाटतो. मग कबुतरांचा आकडा येतो, १०,३४८, आणि बादशाही नेमबाजीचा मोठा वाटा कुठे खर्ची पडला ते कळतं. ससे मात्र अवघे २३.

हिशेब चोख आहे, पण अर्धाच आहे. मेले किती ते शिकारखात्याला ठाऊक होतं. मागे उरले किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. हात आखडता घेणं जहांगीरला माहीत नव्हतं असंही नाही. पन्नाशीनंतर बंदूक धरणार नाही असा नवस तो बोलला होता आणि लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा तो त्याने पाळायला घेतला. पण हे थांबणं वयासाठी, नवसासाठी, नातवासाठी होतं. रानात काय शिल्लक आहे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडायचा कसा, हा जगभरच्या शिकारी मुलखांतला जुना वाद. आपल्या भागात ससे कमी दिसू लागले तर शिकाऱ्यांनी दमानं घ्यावं की नाही? भारतात कायद्याने याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला ‘लहान शिकार’ नावाचा एक वर्ग होता, परवाना काढून ती करता येत असे आणि ससा त्याच वर्गात होता. १९९१च्या दुरुस्तीने ही सोय संपवली. तेव्हापासून सशामागे बंदूक, फासा किंवा कुत्री घेऊन जाणं हा सरळ गुन्हा आहे. तरीही प्रश्न उरतोच, कारण थांबल्याने जनावर वाढतं की नाही हे कायद्याच्या कलमावर ठरत नाही. ते जनावराच्या जगण्यामरण्यावर ठरतं.

माळव्याच्या काळ्या रानात आणि दख्खनच्या माळावर दिसणारा आपला ससा बीळ करत नाही. गवताच्या बुंध्याशी अंगाच्या मापाची खळगी करून तो दिवसभर दबून बसतो. पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी. गर्भकाळ साधारण दीड महिन्याचा, वेताला एक ते चार पिल्लं, आणि विणीला वर्षातला ठरावीक हंगाम नाही. अशा जनावराचे शत्रूही भरपूर: कोल्हा, खोकड, रानमांजर, लांडगा, मोरघार, आणि आता गावोगावची मोकाट कुत्री. जन्मलेल्यांपैकी बहुतेक ससे वर्ष बघत नाहीत. म्हणूनच शिकारी हिरिरीने सांगतात, ‘आम्ही नाही मारला तरी कोल्हा खाणारच होता.’

या बोलण्यात तथ्य आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात पॉल एरिंग्टन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या काळात बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांवर आणि दलदलीतल्या मस्करॅटवर वर्षानुवर्षे काम केलं. त्याला दिसलं ते असं, की एखाद्या रानात हिवाळा काढण्यापुरता निवारा आणि चारा ठरावीक जिवांनाच पुरतो. त्याहून जास्त असतील ते कशाने ना कशाने मरतात. शिकाऱ्याने त्यातले काही उचलले तर पुढच्या वसंतातल्या संख्येत फारसा फरक पडत नाही. त्याच्या वाट्याचे मृत्यू थंडीच्या आणि घुबडाच्या खात्यातून वजा होतात. शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा सिद्धांत फार आवडला. त्यातली अट मात्र ते विसरले. जादा जीव असतील तोवरच हे खरं. संख्या घसरली, उरलेल्या प्रत्येकाला निवारा आणि चारा मिळू लागला, की मारलेला प्रत्येक ससा हा जगू शकला असता असा ससा असतो. तिथून पुढे गोळी कुणाच्या खात्यातून वजा होत नाही, ती वरून जमा होते.

कागदावर मांडून पाहू. समजा एका टापूत १०० ससे आहेत, वर्ष बरं गेलं आणि ते १५० झाले. शिकाऱ्यांनी ५० मारले, पुन्हा १००. अशी दहा वर्षं निघतील आणि सगळ्यांना वाटेल की ५० हा या रानाचा हक्काचा आकडा आहे. मग एक दुष्काळ येतो. साठच उरतात आणि जेमतेम सत्तर होतात. सवयीने ५० मारले तर राहतात २०. तेच ‘तीनातला एक’ असा वाटा धरला असता तर २३ गेले असते आणि ४७ राहिले असते. पहिला नियम चांगल्या वर्षी निरुपद्रवी आणि वाईट वर्षी घातक. दुसरा संख्येबरोबर आपोआप खालीवर होतो. अडचण एवढीच की तीनातला एक काढायला तीन आहेत हे आधी माहीत लागतं. अमेरिकी सरकार १९५५पासून रानबदकांची आणि त्यांच्या तळ्यांची दर वसंतात विमानातून पाहणी करतं आणि १९९५पासून त्या आकड्यांना बांधूनच शिकारीचा हंगाम किती दिवसांचा ते ठरवतं. आपल्याकडे दर चार वर्षांनी वाघ मोजतात. सशासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

न मोजताही संयम पाळणारे लोक होते, आणि त्यांची नोंद महाराष्ट्रात झाली आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन समाजांनी शिकार जणू वाटून घेतली होती. फासेपारध्यांचा भर फाशांवर, म्हणजे काळवीट आणि पाखरं. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने घोरपड, साळिंदर, रानडुक्कर धरणारे. वैदू सापळे लावून लहान मांसाहारी प्राणी पकडणारे. फासेपारध्यांमध्ये गाभण हरिणी किंवा पाडस फाशात सापडलं तर सोडून देण्याची रीत होती. फिरायचा मुलूखही कुटुंबाकुटुंबांत ठरलेला असे. पुढच्या साली आपल्यालाच तिथे यायचं आहे, दुसरा कुणी येणार नाही, हे पक्कं असलं की सोडलेली हरिणी तोट्याची ठरत नाही.

या पारध्यांना इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदवलं होतं. पुढे जीप आणि सर्चलाइट घेऊन माळावर उतरलेल्या हौशी बंदूकवाल्यांना असल्या रीतीभातीचं सोयरसुतक नव्हतं. आपण सोडलेलं जनावर उद्या जीपवाला उचलणार हे दिसत असताना पारध्याने तरी का सोडावं? शिकाऱ्यांनी स्वखुशीने थांबावं असं सुचवणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. एकट्याचा संयम बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पिशवीत जातो.

निव्वळ सशापुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट शिकाऱ्याच्या बाजूने आहे. ससा दुर्मीळ झाला की त्याच्यामागे जाणं परवडत नाही. रात्रभर वाघूर लावून बसायचं आणि हाताला एक ससा लागायचा, तर माणूस दोन-तीन वेळा जाईल, चौथ्यांदा घरी झोपेल. उपदेश न करताही संयम येतो. पण हे खरं, जर तो केवळ सशासाठीच बाहेर पडत असेल तर. मोटारसायकलवर बॅटरी घेऊन ‘जे दिसेल ते’ मारत जाणाऱ्याची रात्र तितरावर किंवा डुकरावर वसूल होते, आणि त्या ओघात प्रकाशात थिजलेला शेवटचा ससाही जातो. मोकाट कुत्र्यांचंही तसंच. त्यांचं पोट गावच्या उकिरड्यावर भरतं. ससे संपले म्हणून कुत्री उपाशी मरून कमी होत नाहीत. दुसरं काहीतरी खाऊन तगून राहणारा शिकारी, तो दोन पायांचा असो की चार, उरल्यासुरल्यांना जास्त धोक्याचा.

कॅनडात याची दुसरी बाजू पाहायला मिळते. तिथल्या हिमसशांची संख्या साधारण दर दहा वर्षांनी भडकते आणि कोसळते. हडसन्स बे कंपनीकडे जमा झालेल्या कातड्यांच्या जुन्या वह्यांवरून चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांच्यावर जगणाऱ्या लिंक्स मांजराचं चक्र दाखवून दिलं. ससे कोसळले की लिंक्सची पिल्लं जगत नाहीत, म्हणजे भर थांबते. सापळे लावणारे मात्र मोठी लिंक्स धरतच राहतात. आल्बर्टा प्रांतात अभ्यास करणाऱ्या ब्रँड आणि कीथ यांनी १९७९ साली सुचवलं, की ससे घटल्यावर काही वर्षं लिंक्सची सापळेबंदी करावी. ससे कमी झाले म्हणून सशाला नव्हे, सशावर जगणाऱ्याला सोडायचं. असा विचार शिकाऱ्याला सहसा सुचत नाही.

स्पेनमधला अनुभव आणखी वेगळा. युरोपातला बिळात राहणारा ससा मूळचा तिथलाच. १९५२मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने आपल्या मळ्यातले ससे आटोक्यात आणायला मिक्सोमाचा विषाणू सोडला आणि तो खंडभर पसरला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दुसरा, रक्तस्रावाचा रोग आला. २०१९ साली या सशाची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. त्याच्यावर जगणारा आयबेरियन लिंक्स २००२मध्ये ९४वर आला होता. मोठे प्रयत्न करून तो आता दोन हजारांच्या पुढे गेला आहे. अशा साथीत बंदुका खाली ठेवल्या तर मदत होते, रोग जात नाही. आणि त्याच देशातल्या दुसऱ्या जिल्ह्यांत सशांनी पिकं आणि द्राक्षवेली कुरतडल्या म्हणून शेतकरी जादा शिकारीची परवानगी मागतात. ‘ससे घटले’ हे वाक्य नेहमी कुठल्यातरी एका शिवाराबद्दल असतं, देशाबद्दल नसतं.

आता धारकडे परत येऊ. कारण सशापेक्षा फार कमी उरलेलं, आणि शिकाऱ्याने थांबून काय साधतं याचा खरा हिशेब दाखवणारं एक पाखरू याच जिल्ह्यात आहे. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात, महाराष्ट्रात तणमोर. माळढोकाच्या कुळातला भारतातला हा सगळ्यात लहान पक्षी. १९१२च्या इंग्रजी कायद्याने ज्यांच्यासाठी शिकारबंदीचे महिने ठरवायची तरतूद केली, त्या यादीत ससा आणि खरमोर दोघेही होते. तो कायदा ब्रिटिश मुलखाचा. धारच्या आणि देवासच्या दोन्ही पातींच्या पवारांच्या संस्थानांत दरबारचा शब्द चाले.

खरमोराचं दुखणं त्याच्या वेळापत्रकातच आहे. पाऊस पडून गवत गुडघाभर झालं की जुलैत तो गुजरात, राजस्थान आणि माळव्याच्या कुरणांत विणीला येतो. पावसाळा सरला की दख्खनकडे आणि इतरत्र पांगतो, तपकिरी होतो, कुणाला दिसत नाही. विणीत नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरे पट्टे, डोक्यामागे रिबिनीसारखी पिसं, आणि एकाच ठरलेल्या जागेवरून गवताच्या वर उसळ्या मारत राहतो. दिवसाला पाचशेपर्यंत उसळ्या मोजल्या गेल्या आहेत. मादीला दिसावं म्हणून चाललेला हा खटाटोप बंदूकवाल्याला आयताच उपयोगी. विणीच्या काळात शिकार करू नये हा साधा नियम माळव्यात लावायचा तर खरमोर कधी मारताच येणार नाही, कारण एरवी तो इथे नसतोच. इंग्रज साहेबांना त्याचं मांस फार आवडे, ‘लिख’ म्हणून तो त्यांच्या शिकारवहीत मानाने असे, आणि पावसाळ्यात नियम गुंडाळून ठेवायला तेवढं कारण पुरेसं होतं.

एक नर अनेक माद्यांशी जुगतो, तेव्हा थोडे नर मारले तर कुठे बिघडलं, असंही म्हणता येईल. संख्या भरपूर असेल तेव्हा ते चालूनही जाईल. पण शेकडो चौरस किलोमीटरमध्ये मोजके नर उरले की मादीला उसळी दिसायलाच कुणी नसतं. सशाच्या बाबतीत दुर्मीळपणा शिकाऱ्याला कंटाळा आणतो. खरमोराच्या बाबतीत त्याने मोह वाढतो.

सालिम अलींच्या आग्रहाने १९८३ साली मध्य प्रदेश सरकारने खरमोरासाठी दोन अभयारण्यं केली, रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं कवचही मिळालं. शिकारी थांबला तर पक्षी वाढतो, हे खरं ठरायचं असेल तर ते इथे ठरायला हवं होतं. देशभरातले अंदाज असे: १९८२मध्ये ४,३७४, १९८९मध्ये १,६७२, १९९४मध्ये २,२०६, १९९९मध्ये ३,५३०. मधली पडझड १९८५ ते १९८७च्या पश्चिम भारतातल्या दुष्काळांनंतरची आहे. पाऊस परतला, गवत आलं, पक्षीही वाढले. दहा वर्षांत दुपटीने सावरायची ताकद या जातीत होती, आणि बंदुका गप्प असल्यामुळे ती कामाला आली असं मानायला हरकत नाही. पण त्यानंतर उतार लागला तो थांबला नाही. २०१७च्या पाहणीत साऱ्या देशात उसळ्या मारणारे नर साडेतीनशेच्या आसपास असावेत असा अंदाज निघाला. २०२१मध्ये लाल यादीत खरमोर ‘अतिसंकटग्रस्त’ झाला.

या वेळी प्रश्न दुष्काळाचा नव्हता. गवतच गेलं होतं. माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी पुष्कळ शेतकरी पावसाळ्यात रान पडीक ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. त्या पडीत जून ते सप्टेंबर गवत माजे, गुरं चरत, ससे खळग्या करत आणि खरमोर अंडी घाली. १९७०-८०च्या दशकांत सोयाबीन आलं आणि नेमक्या याच चार महिन्यांत पीक उभं राहू लागलं. शेतकऱ्याच्या हातात एका सालात दोन पिकांचा पैसा आला. त्याला कोण नावं ठेवणार? गावाची चराऊ कुरणंही नांगराखाली गेली. खरमोर पिकातही उसळ्या मारताना दिसतो, राजस्थानात अजमेरकडे तर तो शेतांतच विणतो, पण तणनाशक, फवारणी आणि कोळपणीच्या रगाड्यात जमिनीवरचं घरटं टिकणं कठीण. आपली खळगी करून बसणाऱ्या सशाच्या पिल्लांनाही ही शेतं काही वेगळी वागणूक देत नाहीत.

तेव्हा आज धार-देवासच्या बाजूला ससे घटलेले दिसले तर पहिला प्रश्न बंदुकीचा नाही. बंदूक आधीच बेकायदा आहे आणि ती तशीच राहावी. घटलेल्या संख्येवर एकही जादा मृत्यू परवडत नाही, हे एरिंग्टनच्याच हिशेबातून निघतं. पण शिकारी थांबल्याने फक्त उतार मंदावतो. चढ लागायला पाऊस आणि गवत लागतं. पाऊस आपल्या हातात नाही. गवत कापायचं केव्हा आणि रान नांगरायचं किती, हे मात्र माणसाच्या हातात आहे.

सरदारपुरात ते कुणाच्या हातात आहे, यावरच सगळं अडलं. अभयारण्याच्या हद्दीत पानपुऱ्याच्या सरकारी कुरणाबरोबर चौदा गावांच्या खासगी जमिनीही आल्या. त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, लग्नाकार्याला किंवा दवाखान्याला शेत विकायचं म्हटलं तरी अडचण. गावं वगळा, ही मागणी वर्षानुवर्षे गाजत राहिली. दुसरीकडे वनखात्याने खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या गावकऱ्याला रोख बक्षीस लावलं. म्हणजे ज्या कायद्यापायी जमीन अडकली, त्याच कायद्याच्या पक्ष्याची वर्दी शेतकऱ्याने आपणहून द्यायची. काहींनी ती दिलीही, आणि खात्याचे पहारेकरी अशा शेतांवर लक्ष ठेवू लागले. पण बक्षीस मिळतं ते पक्षी आल्यावर. दोन-चार बिघे जुलै ते सप्टेंबर गवताखाली ठेवणाऱ्याचं सोयाबीन बुडतं ते पक्षी येवो न येवो, आणि त्या बुडालेल्या पिकाची भरपाई जूनमध्ये, पेरणीच्या आधी, त्याच्या हातात पडायला हवी.